घरचे कुलूप आणि गावचे आरोग्य



विषयपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘जोडलेली यंत्रे आणि त्यांची सुरक्षितता’ असे छापले आहे. हे शब्द वाचून काही मंडळी आज घरीच राहिली असतील. हा विषय तज्ज्ञांचा, आपल्याला त्यात काय कळते, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. गटारे कशी बांधावीत हे इंजिनिअरने सांगावे. पण गावात गटारे असावीत की नसावीत, आणि ती तुंबली तर जाब कोणाला विचारावा, हे नागरिकांनीच ठरवावयाचे असते. आजचा विषय त्याच जातीचा आहे. तो आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो, तर त्याचे परिणाम मात्र तज्ज्ञांपुरते राहणार नाहीत.

प्रथम विषयाची व्याप्ती पाहू. आपल्या लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू एकच काम करीत असे. पंखा वारा घालीत असे, घड्याळ वेळ दाखवीत असे, आणि दाराची कडी दार लावून ठेवीत असे. तिला दुसरे काम सांगण्याची सोय नव्हती आणि सांगणाराही कोणी नव्हता. आज दारावरचा कॅमेरा, दिवाणखान्यातला टीव्ही, कोपऱ्यात लुकलुकणारा राऊटर, विजेचा स्मार्ट मीटर, मनगटावरचे घड्याळ, या प्रत्येकाच्या पोटात एक लहानसा संगणक आहे, आणि त्यांतले बहुतेक इंटरनेटला जोडलेले आहेत. म्हणून कॅमेऱ्याला आता केवळ कॅमेरा म्हणता येत नाही. तो कॅमेऱ्याचे काम करणारा एक संगणक आहे. संगणकाचा धर्म असा की, सांगणारा बदलला म्हणजे त्याचे कामही बदलते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचे सर्व समजण्यास सोपे जाईल.

सांगणारा बदलला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण २०१६ साली साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतल्या विशीच्या आसपासच्या तीन तरुणांनी एक प्रोग्राम तयार केला. त्याला नाव दिले ‘मिराई’. हा प्रोग्राम इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक ठोठावीत जाई. दुरून हुकूम देण्यासाठी ठेवलेली वाट उघडी असलेले यंत्र सापडले, की तो तेथे परवलीचे शब्द लावून पाही. हे शब्द किती असावेत? लाख नाहीत, हजारही नाहीत. नाव आणि पासवर्ड यांच्या साठ-बासष्ट जोड्यांची एक यादी त्याच्यापाशी होती. ‘अ‍ॅडमिन’ या नावाला पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, किंवा ‘१२३४५’, अशा थाटाचे हे शब्द. कारखान्यातून निघताना लाखो यंत्रांवर तोच एक पासवर्ड घातलेला असतो आणि विकत घेणारा तो कधी बदलीत नाही, एवढेच ज्ञान या प्रोग्रामच्या मुळाशी होते. मोठी विद्वत्ता त्यात काही नव्हती.

परंतु तेवढ्या ज्ञानावर पहिल्या वीस तासांत सुमारे ६५ हजार यंत्रे त्याच्या ताब्यात गेली, आणि पुढे ही संख्या सुमारे ६ लाखांपर्यंत पोचली. कॅमेरे, कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणाऱ्या पेट्या, घराघरांतले राऊटर, अशी ही फौज. अशा फौजेला त्या क्षेत्रात ‘बॉटनेट’ म्हणतात. तिने करावयाचे काम अगदी साधे. हुकूम आला की सर्वांनी एकाच वेळी एकाच पत्त्यावर निरोपांचा मारा करावयाचा. अरुंद बोळात हजार माणसे एकदम घुसली, म्हणजे ज्याचे खरेच काम आहे त्यालाही दारापर्यंत पोचता येत नाही. तसाच हा प्रकार.

२० सप्टेंबर २०१६ रोजी हा मारा ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकाराच्या संकेतस्थळावर झाला. संगणकांच्या द्वारा होणारे गुन्हे उघडकीस आणणे हे या गृहस्थाचे काम. जी नामांकित कंपनी त्याच्या स्थळाचे मोफत रक्षण करीत होती, तिलाही अखेर हात वर करावे लागले, आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीने आश्रय देईपर्यंत काही दिवस त्याचे लेखन जगाला दिसेनासे झाले. एका लेखकाचे तोंड बंद करण्यासाठी परक्यांच्या घरांतले कॅमेरे वापरले गेले, हे येथे लक्षात घ्यावे.

त्याच महिन्याच्या अखेरीस या तरुणांनी प्रोग्रामचा सारा मजकूर सर्वांसाठी खुला करून टाकला. मग काय, ज्याच्या त्याच्या हाती कोलीत! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन नावाच्या अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला. ही कंपनी इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगण्याचे काम करी. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखे हे काम असते. डिरेक्टरीच मिळेनाशी झाली तर ज्याचा नंबर पाठ नाही त्याला फोन लावता येत नाही. त्या दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय यांची यंत्रे धडधाकट असूनही अमेरिकेत आणि युरोपात असंख्य लोकांना तेथे पोचता येईना. पुढच्याच महिन्यात जर्मनीत याच कुळीच्या एका प्रोग्राममुळे एका टेलिफोन कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर बंद पडले.

त्या तीन तरुणांनी २०१७च्या डिसेंबरात न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांचा मूळ हेतू काय होता हे ऐकून आपल्याला हसू येईल. ‘माइनक्राफ्ट’ नावाचा एक मुलांचा खेळ आहे. तो खेळण्यासाठी संगणकावर जागा भाड्याने देण्याचा धंदा चालतो, आणि त्या धंद्यातल्या चढाओढीत प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करणे, एवढ्यासाठी हे शस्त्र घडविले गेले. शत्रुराष्ट्राचे सैन्य नव्हे, मोठी टोळी नव्हे, पोराटोरांची चढाओढ. अशा क्षुल्लक कारणाने अर्ध्या जगाचे व्यवहार अडतात, याचा अर्थ दारूगोळा आधीच घरोघर रचून ठेवलेला होता. ठिणगी कोणाची, हा प्रश्न दुय्यम आहे.

श्रोतेहो, आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे आम्ही वळतो. ज्या सहा लाख यंत्रांनी हे उत्पात केले, त्यांच्या मालकांना काय त्रास झाला? बहुतेकांना काहीच नाही. कॅमेऱ्यात चित्र पूर्ववत दिसत होते. घरातून पैसा गेला नाही, भांडे हलले नाही. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात राही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की तो पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला असेल, तर काही मिनिटांतच पुन्हा त्याची लागण होई. मालकाला यातले काहीच कळत नसे.

आपण सुरक्षितता म्हटले की कुलूप डोळ्यांपुढे आणतो. कुलपाचा विचार असा : माझे घर, माझी तिजोरी, माझे नुकसान. मी निष्काळजी राहिलो तर मीच बुडेन, इतरांना त्याचे काय? म्हणूनच पुष्कळ सज्जन म्हणतात, “अहो, आमच्या कॅमेऱ्यात पाहण्यासारखे आहे काय? जिना आणि दोन सायकली! कोण चोरणार ते?” हे म्हणणे कुलपाच्या हिशेबाने बरोबर आहे. परंतु मिराईला त्या जिन्याशी कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती ती त्या यंत्राची बोलण्याची शक्ती. म्हणून हा प्रश्न कुलपाचा राहत नाही, सार्वजनिक आरोग्याचा होतो. माझ्या परसातल्या डबक्यात डास झाले, तर ताप शेजारच्या मुलाला येतो. डबके माझे, ताप त्याचा. जोडलेल्या यंत्रांच्या जगात आपण सारे एकाच परसाचे शेजारी आहोत, आणि हे परस पृथ्वीएवढे आहे.

आणि याच कारणाने हा रोग आपोआप बरा होत नाही. कॅमेरा बनविणाऱ्याला स्वस्त माल विकावयाचा असतो. प्रत्येक यंत्रावर निराळा पासवर्ड घालणे म्हणजे खर्च. घेणारा चित्र स्पष्ट आहे की नाही ते पाहतो. आतली सुरक्षितता डोळ्यांना दिसत नाही. विकणाऱ्याचे नुकसान नाही, घेणाऱ्याचेही नाही. नुकसान होते ते तिसऱ्याचेच, आणि तो तर सौदा ठरताना दुकानात हजरही नसतो! बाजारात ज्याची बाजू मांडणारा कोणी नाही, त्याची बाजू कायद्याने मांडावी लागते.

कोणी विचारील, ज्याने आपले अंगण स्वच्छ ठेवले तो तरी सुरक्षित आहे ना? याचे उत्तर आपल्या दाराशीच, न्हावा-शेव्याच्या बंदरात सापडते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये एक विध्वंसक प्रोग्राम सुटला. त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. तो शिरला कोठून? युक्रेनमधील व्यापारी करांच्या हिशेबासाठी जे सॉफ्टवेअर वापरीत, त्याच्या सुधारणेतून. विश्वासाच्या माणसाने पाठविलेले औषधच विषारी निघावे, तसे झाले. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि हां हां म्हणता देशोदेशींच्या कचेऱ्यांतले संगणक निकामी झाले. त्याच समूहाची कंपनी आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल चालवीत होती. तेथले काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कोठे आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवावयाचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाल्यावर क्रेन असून नसल्यासारख्या. कीव्हमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने उरणचे ट्रक उभे केले! उरणच्या ट्रकचालकाने यात कोणता निष्काळजीपणा केला होता?

या प्रकरणातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मर्स्कचे सारे जाळे पुन्हा उभारण्यासाठी, कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार, याची जी मूळ नोंदवही लागते, तिच्या प्रती जगभरच्या कचेऱ्यांतल्या संगणकांवर होत्या. त्या साऱ्या एकमेकींशी जोडलेल्या, म्हणून साऱ्या एकदमच नष्ट झाल्या. एकच प्रत वाचली. ती होती आफ्रिकेतील घाना देशातल्या कचेरीत, आणि वाचली का, तर हल्ल्याच्या वेळी तेथली वीज गेली होती! त्या एका प्रतीवरून पुढचा डोलारा उभा राहिला. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने सज्ज करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच २०१८ साली दावोस येथे सांगितले. वीज जाणे हे आपण गैरसोय मानतो. येथे ती तारणहार ठरली. यावरून घ्यावयाचा बोध असा की, महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत न जोडलेली असली पाहिजे. जोडण्यात शक्ती आहे हे खरे, पण कोठे जोडू नये हे कळण्यात शहाणपण आहे.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा : ही यंत्रे घ्यावयाचीच कशाला? आमच्या मते हे उत्तर पुरेसे नाही. गावी एकट्या राहणाऱ्या आईची खबर पुण्या-मुंबईतला मुलगा याच यंत्रांमुळे घेऊ शकतो. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीला थोडा धीर येतो. पाण्याने रोग पसरतो म्हणून आपण नळ बंद केले नाहीत. पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था केली.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. मग सरकारलाच सर्व अधिकार द्यावेत. त्यांनी घरोघरची यंत्रे तपासावीत आणि रोग निपटून काढावा. येथे आम्ही श्रोत्यांना १८९७ सालच्या पुण्याची आठवण देतो. प्लेग आला होता, आणि तो खरा होता. त्याच्या बंदोबस्तासाठी रँडच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गोरे सोजीर लोकांच्या माजघरात, देवघरात शिरले. त्याचे पुढे काय झाले तो इतिहास महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. लोक रोगी लपवू लागले, म्हणजे ज्या कामासाठी घरात शिरले तेच काम फसले. आणि शास्त्राच्या दृष्टीनेही पाहा : प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पुढच्या वर्षी, १८९८ साली दाखविले. म्हणजे सोजीर माणसांची घरे धुंडाळीत होते आणि रोगाचे वाहन पायांखालून पळत होते! सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे म्हणून घराची अब्रू वेशीवर टांगता येत नाही. ज्याच्या दारावर कॅमेरा आहे त्याला तर ही गोष्ट अधिकच लागू आहे; कारण त्या कॅमेऱ्यातून आत पाहण्याची मुभा एकदा दिली, की ती परत घेणे कठीण.

मग मध्यम मार्ग आहे काय? आहे. अमेरिकेत २०२३च्या डिसेंबरात असा प्रसंग आला. शेकडो लहान कचेऱ्यांच्या आणि घरांच्या राऊटरांमध्ये परदेशी हल्लेखोरांनी ठाण मांडले होते. सरकारने प्रथम न्यायालयाची परवानगी घेतली, नेमका तो उपद्रवी प्रोग्राम काढून टाकला, पुढच्या महिन्यात ही गोष्ट जाहीर केली आणि मालकांना कळविण्याची व्यवस्था केली. त्या राऊटरांपैकी बहुतेक जुने होते. ज्या कंपन्यांनी ते विकले, त्यांनी त्यांना सुधारणा पुरविणे थांबविले होते. यंत्र चालू होते, पण त्याची काळजी घेणारा कोणी उरला नव्हता. अधिकार वापरावा तर असा : न्यायाधीशाला विचारून, कामापुरता, आणि सर्वांना सांगून. अर्थात हा झाला रोग झाल्यावरचा उपाय. मूळ उपाय कारखान्याच्या फाटकावर झाला पाहिजे.

आणि तो सुरू झालेला आहे. इंग्लंडमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू आहे की, जोडलेल्या घरगुती यंत्रांवर सरसकट एकच पासवर्ड घालून ती विकता येणार नाहीत. दोष आढळल्यास तो कोठे कळवावा हे सांगावे लागेल. आणि सुरक्षिततेच्या सुधारणा निदान किती काळ पुरविणार, तेही आधी जाहीर करावे लागेल. मिराईची साठ शब्दांची यादी ज्या एका खोडीवर जगत होती, तीच येथे कायद्याने मोडली. युरोपीय संघाचा याहून व्यापक कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची आहेत. आपल्याकडेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या कसोट्या लावण्याचा नियम २०२५च्या एप्रिलपासून अमलात आणण्यास प्रारंभ झाला. ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था २००४ पासून काम करीत आहे, आणि तिच्या २०२२च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी व संस्थांनी असा हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. साथीच्या रोगाची नोंद करावी लागते, त्यातलाच हा प्रकार. लपविलेला रोगी गावाला घातक, तसा लपविलेला हल्लाही.

परंतु कायदा कागदावर असून भागत नाही. मागणारा गिऱ्हाईकही लागतो. इस्त्री घेताना आयएसआयचा शिक्का पाहण्याची सवय आपण लावून घेतली, तशी ही सवय लावली पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका सोसायटीत मध्यंतरी कॅमेऱ्यांचा पासवर्ड कोणाकडे आहे, असा प्रश्न निघाला. चिटणीस म्हणाले, खजिनदारांकडे. खजिनदार म्हणाले, ज्याने कॅमेरे बसविले त्याच्याकडे. तो धंदा सोडून गावी गेलेला! सोळा कॅमेरे अहोरात्र जिना, फाटक आणि येणारी-जाणारी मुलेबाळे पाहत होते, आणि त्यांची किल्ली कोणाच्या हाती आहे हे त्या इमारतीत एकालाही ठाऊक नव्हते. आपापल्या इमारतीत हा प्रश्न उद्याच विचारून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

घरी करण्याजोगी कामेही थोडी आणि सोपी आहेत. नवे यंत्र आणले की त्यावरचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, आणि तो प्रत्येक यंत्राला निराळा असावा. कंपनी सुधारणा पाठवील ती वेळेवर घ्यावी. ‘नॉटपेट्या’ची गोष्ट ऐकून सुधारणांनाच भिणे बरोबर नाही, एखादे औषध विषारी निघाले म्हणून दवाखाना कोणी सोडीत नाही. विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे, या यंत्राला किती वर्षे सुधारणा मिळणार? त्याला उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. बाहेरगावाहून पाहण्याची गरज नसेल, तर ती वाट बंद ठेवावी. महत्त्वाचे कागद, हिशेब, छायाचित्रे यांची एक प्रत जाळ्यापासून अलग, कपाटात असावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जमत नसेल, तर नातवंडांनी त्यांना न हसता करून द्यावे.

इतके केले म्हणजे हल्ले थांबतील, असे आम्ही म्हणत नाही. हात धुतल्याने सर्व रोग गेले नाहीत; पण हात न धुणारा वैद्य आज कोणी खपवून घेत नाही. ती लाज वैद्यकाच्या पुस्तकाबाहेर, समाजात निर्माण व्हावी लागली. आपले यंत्र दुसऱ्याच्या घातासाठी वापरले गेले, याची तशीच लाज वाटू लागली पाहिजे. बनविणाऱ्याला अधिक, कारण त्याला अधिक कळते. पण आपल्यालाही थोडी.

‘मिराई’ हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ ‘भविष्य’. त्या पोरांनी ते नाव सहज ठेवले असेल. आपण मात्र तो शब्द सहज सोडू नये. घराघरांतली मुकी यंत्रे कोणा परक्याच्या हुकमाखाली एकमेकांवर चालून जातात, हे एक भविष्य २०१६ साली आपल्याला दाखविले गेले आहे. दुसरे भविष्यही शक्य आहे. त्यात शेजाऱ्याचे यंत्र आपल्याला भय वाटण्याचे कारण नसेल, आणि आपल्यामुळे त्याला नसेल. त्याचा आरंभ करण्यास फार काही लागत नाही. आज घरी गेल्यावर, पानावर बसण्यापूर्वी, कोपऱ्यातल्या त्या लुकलुकणाऱ्या पेटीकडे एकवार पाहावे आणि स्वतःला विचारावे, हिला हुकूम देणारा मीच आहे ना?